मांजराच्या डोळ्यात फूल पडलं म्हणजे नेमकं काय झालं?

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एक आज्जी बाजाराच्या पिशवीत भाटी, म्हणजे मांजराची मादी, घालून माझ्या दवाखान्यात आल्या. पिशवीच्या तोंडाला सुतळी, आतून गुरगुर. "डॉक्टर, हिच्या डोळ्यात फूल पडलंय बघा." उजवा डोळा घट्ट मिटलेला, गालावर पाण्याचा ओघळ वाळलेला, आणि पापणी उचलली तर बुबुळावर धुरकट ठिपका. चार दिवस झाले होते. डोळ्यात काही घातलंत का, असं विचारल्यावर आधी "काय न्हाई". मग जरा वेळानं, "मालकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा एक ड्रॉप उरला हुता. त्यो घातला दोन दिवस."

अशी दुसरी उत्तरं मी वाट बघून मिळवतो, कारण निम्मं निदान त्यात असतं. त्या ड्रॉपकडं येऊच. आधी 'फूल' या शब्दाचं बघू.

आमच्याकडं डोळ्यात काहीही पांढुरकं दिसलं की फूल पडलं म्हणतात. जखम असली तरी फूल, जखमेचा जुना वण असला तरी फूल, आत मोतीबिंदू असला तरी फूलच. म्हशीला फूल, बैलाला फूल, मांजरालाही फूल. शब्द गोड आहे, पण त्याच्या पोटात निदान पाच-सहा वेगवेगळे आजार बसलेत आणि त्यातल्या एकाचं औषध दुसऱ्याला चक्क विष ठरतं.

बुबुळ म्हणजे डोळ्याची पुढची काच. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर ती पारदर्शक राहते. वरच्या अंगाला पेशींचा पातळ थर, मध्ये कोलॅजनच्या धाग्यांची सुबक रचलेली चळत, तळाला एक चिवट पापुद्रा. वरचा थर खरवडला की खालची चळत पाणी पिऊन फुगते आणि काच धुरकट होते. हे झालं ताजं फूल. जखम भरल्यावर धागे पूर्वीसारखे शिस्तीत बसले नाहीत तर पांढरा डाग राहतो. ते जुनं फूल. त्याला दुखत नाही, त्याला औषधही लागत नाही. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. फरक डोळा मिटण्यात असतो. जे मांजर डोळा बारीक करतंय, त्याचा डोळा दुखतोय, हे खुशाल धरून चालावं. मांजर ओरडून सांगत नाही. ते कपाटाखाली जाऊन बसतं.

आता जखम आहे का नाही हे बघायची युक्ती. फ्लुओरेसीन नावाचा नारिंगी रंग असतो, कागदाच्या बारीक पट्टीच्या टोकाला लावलेला. १८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी तो पहिल्यांदा बनवला. पुढं १९०५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते रंगांवरच्या एकूण कामासाठी. आपल्याला मात्र त्याचा एकच गुण पुरे. हा रंग पाण्यात विरघळतो आणि बुबुळाच्या वरच्या धडधाकट थरातून आत शिरत नाही. जिथं तो थर फाटलाय, तिथं खालच्या धाग्यांत तो मुरतो. पट्टी ओली करून डोळ्याला टेकवायची, सलाईननं जास्तीचा रंग धुवायचा, खोलीतला दिवा घालवायचा आणि निळा प्रकाश टाकायचा. जखम असेल तर ती पोपटी हिरवी चमकते. सगळं मिळून पाच मिनिटं. मांजराला दुखत नाही. मालकाच्या बोटांना मात्र दोन दिवस पिवळा रंग राहतो.

यात एक फसवणूक आहे. जखम खोल खोल जात अगदी तळाच्या पापुद्र्याशी पोचली, तर तो पापुद्रा रंग धरत नाही. मग हिरवं कडं दिसतं आणि मध्ये काळं. बघणाऱ्याला वाटतं, मधलं भरून आलं. प्रत्यक्षात डोळा फुटायच्या बेतात असतो. अशा मांजराला मान आवळून धरायचीही सोय नाही, कारण मानेवरच्या दाबानं डोळ्यातला दाब वाढतो.

आता तो मोतीबिंदूचा ड्रॉप. ऑपरेशननंतर माणसाला जे थेंब देतात त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, सूज बसावी म्हणून. माणसाच्या त्या डोळ्यात ते उपकारच करतं. पण बुबुळावर उघडी जखम असताना स्टेरॉइड पडलं की कडेच्या पेशी सरकून जखम झाकायचं काम मंदावतं, कोलॅजन विरघळवणारे स्राव जोर धरतात आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. एक-दोन दिवसांत बुबुळ खळीसारखं मऊ पडून वितळायला लागू शकतं. गंमत अशी की पहिल्या दिवशी लाली कमी झालेली दिसते, म्हणजे घालणाऱ्याला वाटतं की गुण आला. मेडिकलमधून "डोळ्याचा ड्रॉप द्या" म्हणून आणलेल्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलं असेल, तर रंगाची तपासणी झाल्याशिवाय तिला हात लावू नये. आणि दूध, मध, तुरटीचं पाणी, चहाचा चोथा? यांतलं काहीच नको. कोमट उकळलेलं पाणी आणि स्वच्छ कापूस एवढंच घरचं औषध.

साधी ओरखड्याची जखम अँटिबायोटिकच्या थेंबांनी, दिवसातून तीन-चार वेळा, साधारण आठवड्यात भरते. आठवडा उलटूनही भरली नाही तर ती साधी नव्हती असं समजायचं. मग बघायचं की पापणी आत वळून केस घासतायत का, किंवा तिसऱ्या पापणीच्या मागं काही अडकलंय का. मांजराला कोपऱ्यातून वर येणारी एक तिसरी, पांढुरकी पापणी असते. ऊसतोडीच्या दिवसांत करवीर-कागलकडची मांजरं येतात. उसाच्या पानाची धार करवतीसारखी दातेरी असते हे ज्यानं उसात हात घातलाय त्याला सांगायला नको. पाचटाचा एखादा तुकडा त्या पापणीआड लपला, तर वरून कितीही थेंब घाला, खाली घासणं चालूच राहतं. भूल देऊन चिमट्यानं काढायचा, बस्स.

वितळणाऱ्या जखमेसाठी एक औषध मला फार आवडतं, कारण ते कुठल्या कंपनीचं नसतं. मांजराचंच थोडं रक्त काढायचं, फिरवून त्यातलं पिवळसर सीरम वेगळं करायचं आणि तेच थेंब म्हणून तासा-दोन तासाला डोळ्यात घालायचं. कोलॅजन खाणाऱ्या स्रावांना सीरम अटकाव करतं. फ्रिजमध्ये ठेवायचं, भाजीच्या कप्प्यात नाही, वर, नाव लिहून. घरातल्या कुणीतरी ते भलतंच समजून ओतून टाकण्याआधी.

आज्जींच्या भाटीच्या डोळ्यात हिरवा ठिपका गोल नव्हता. झाडाच्या वाळक्या फांदीसारखा, फाटे फुटलेला. असा आकार दिसला की निदान जवळपास ठरतं: मांजरांचा हर्पिस विषाणू. मांजरांच्या डोळ्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा याचाच. लहानपणी पिल्लाला सर्दी होते, शिंका, नाक वाहतं, डोळे चिपडानं चिकटतात, मग बरं होतं. पिल्लू बरं होतं, विषाणू जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत तो दडी मारून बसतो, जन्मभर. मांजरावर ताण आला की परत डोळ्यावाटे बाहेर. ताण म्हणजे काय, तर नवं मांजर घरात आलं, भाटी व्याली, घर बदललं, दिवाळीचे फटाके. ऑगस्ट २०१९ च्या पुरासारखं घर सोडून पिशवीतून नातेवाइकांकडं जावं लागलं, तर विचारूच नका. डॉक्टरनं दुसऱ्याच आजारासाठी दिलेलं स्टेरॉइडही त्याला जागं करतं. हा विषाणू माणसाला लागत नाही, मांजराकडून मांजराकडं मात्र सहज जातो.

उपाय? विषाणूविरोधी थेंब किंवा फॅमसायक्लोव्हिरच्या गोळ्या. नागीण हर्पिसच्याच घराण्यातली, पण तिच्यावर माणसाला चालणारं असायक्लोव्हिर पोटातून दिलं तर मांजराचा अस्थिमज्जा बिघडवतं, तेव्हा "नागीणच ना, मग घरात आहे की गोळी" हा हिशेब जमत नाही. लायसिनची पावडर पूर्वी सर्रास द्यायचे. नंतरच्या अभ्यासांत तिचा उपयोग दिसला नाही, मी लिहायची सोडली. लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर सुरू करतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस. लसीनं संसर्ग पूर्ण थांबतो असं नाही, पण आजार सौम्य राहतो, आणि डोळा वाचतो तो इथंच.

हर्पिसचा एक जोडीदार आहे, क्लॅमिडिया नावाचा जिवाणू. तो बुबुळाला सहसा हात लावत नाही. पापणीच्या आतला गुलाबी भाग फुगून बाहेर लोंबतो, आधी एका डोळ्यात, काही दिवसांनी दुसऱ्यात. यावर डॉक्सिसायक्लिन, चार आठवडे. दहाव्या दिवशी डोळा छान दिसतो, लोक बंद करतात, महिन्यानं परत येतात. आणि ही गोळी मांजराला कोरडी गिळवायची नाही. ती अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथं जखम होऊन नळी आकसते. गोळीमागं सिरिंजनं थोडं पाणी किंवा चमचाभर ओलं खाणं, हे मी चिठ्ठीवर औषधापेक्षा मोठ्या अक्षरात लिहितो.

अगदी तान्ह्या पिल्लांचं वेगळं. सात ते चौदा दिवसांच्या सुमारास डोळे उघडतात. त्याआधीच मिटल्या पापणीमागं पू साठून डोळा टपोरा दिसला तर "अजून उघडायचेत" म्हणून थांबू नये. कोमट ओल्या कापसानं शेकून पापण्या हळूच सुट्या करून पू बाहेर काढावा लागतो. तो आत राहिला तर पापणी बुबुळाला चिकटून तशीच जोडली जाते. लक्ष्मीपुरीच्या बोळात, दुकानाच्या खोक्यात व्यालेल्या भाट्यांची अशी पिल्लं मी दर पावसाळ्यात बघतो.

काळं फूल म्हणूनही एक असतं, पांढरं नव्हे. चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरांत बुबुळाचा एक तुकडा मरून तपकिरी-काळा होतो, पैशाच्या आकाराचा, खपलीसारखा. डोळे बाहेर, पापण्या पुरत्या मिटत नाहीत, त्यात जुना हर्पिस. भिंगाखाली तो तुकडा सोलून काढायचा, हे शस्त्रक्रियेचं काम. त्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते.

आता बुबुळाच्या आत शिरू. तिथं रंग काही सांगत नाही, तिथं दुसरी हत्यारं. डोळ्यातला दाब टोनोमीटरनं मोजतात. मांजरात साधारण १० ते २५ असावा, रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. आतून सूज असेल तर दाब उतरतो, बाहुली बारीक होते आणि भोवतीचं रंगीत कडं मळकट किंवा तांबूस दिसतं. कुणी म्हणतं, "घारे डोळे होते, आता पिंगट झालेत." ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. आतल्या सुजेचं मूळ पुष्कळदा डोळ्यात नसतंच. ल्युकेमियाचा विषाणू, मांजरांचा एड्स म्हणतात तो विषाणू, टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी, पोटात पाणी करणारा एफआयपी हा आजार, असं काहीही. म्हणून डोळ्यासाठी आणलेल्या मांजराचं रक्त तपासायला सांगतो तेव्हा मी बिल वाढवत नसतो. आणि हो, इथं, बुबुळ शाबूत असेल तर, तेच स्टेरॉइडचे थेंब लागतात. मघाशी ज्याच्या नावानं एवढा शंख केला, तेच. या सुजेत बाहुली सैल करायला ॲट्रोपिनही देतात. ते अश्रुनळीतून घशात उतरलं की इतकं कडू लागतं की मांजर तोंडाला फेस आणतं. लोक विष झालं म्हणून रात्री फोन करतात. थेंबाऐवजी मलम वापरलं की हा तमाशा कमी होतो. सूज रेंगाळली की पुढं काचबिंदू येतो. मांजरात तो हळू, गुपचूप येतो आणि डोळा मोठा दिसेपर्यंत नजर गेलेली असते.

एक प्रसंग मला सगळ्यात जास्त चटका लावतो. बारा-चौदा वर्षांचं मांजर, काल रात्रीपर्यंत ठीक, सकाळी भिंतीला धडकतंय. दोन्ही बाहुल्या टपोऱ्या, उजेडातही मिटत नाहीत, कधी डोळ्यात रक्त. घरचे म्हणतात म्हातारपण. म्हातारपण एका रात्रीत येत नाही. हा बहुतेक वेळा रक्तदाब असतो. किडनी हळूहळू खराब झालेली किंवा थायरॉइड वाढलेलं, त्यानं रक्तदाब चढलेला, आणि डोळ्यामागचा पडदा, ज्यावर चित्र उमटतं तो, रक्तवाहिन्यांतून पाझरलेल्या पाण्यानं सुटून पुढं आलेला. मांजराचा रक्तदाब मोजता येतो हेच अनेकांना नवल वाटतं. पुढच्या पायाला किंवा शेपटीच्या मुळाशी बोटभर रुंदीची पट्टी बांधतात. पहिलं माप सोडून द्यायचं, मग पाच-सहा घेऊन सरासरी काढायची, कारण पिशवीतून नुकतंच बाहेर आलेलं मांजर घाबरलेलं असतं. वरचा आकडा १६० च्या पुढं गेला की काळजी, १८० च्या पुढं की डोळा, मेंदू, हृदय सगळ्यालाच धोका.

औषध ओळखीचं: ॲम्लोडिपिन. आज्जी-आजोबांच्या डबीतलंच. सुरुवातीला माणसाच्या अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर, पण तो चतकोर माप घेतल्याशिवाय कुणी घरी तोडू नये. पडदा सुटून दोन-चार दिवसच झाले असतील तर तो परत बसतो आणि थोडीफार नजर येतेही. पंधरा दिवसांनी आणलंत तर रक्तदाब उतरेल, नजर नाही. म्हणून दहाच्या पुढच्या मांजराचा रक्तदाब वर्षातून एकदा बघावा, डोळे चांगले असतानाच.

पडद्याला अजून दोन शत्रू आहेत, दोन्ही आपल्याच घरात. एक, म्हशीसाठी आणलेलं एन्रोफ्लोक्सासिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन. गोठ्यात बाटली असते, मांजर तापलेलं असतं, कुणीतरी अंदाजानं टोचतं. मांजरात किलोमागं पाच मिलिग्रॅमच्या वर रोजचा डोस गेला तर पडदा जळू शकतो, काही दिवसांत, बहुधा कायमचा. म्हशीच्या बाटलीतलं एक टिंब मांजराला किती होतं याचा हिशेब गोठ्यात कोण करणार?

दुसरा शत्रू दूध-चपाती. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल माणूस आणि कुत्रा आपल्या शरीरात बनवून घेतात. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, शिवाय त्याचं पित्त टॉरिन सतत खर्चत राहतं. ते मिळतं मुख्यतः मांस-मासळीत. ते नाही मिळालं की पडदा मध्यापासून झिजतो, हे १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. हृदयाचे स्नायूही यानंच थकतात, ते कळायला १९८७ उजाडलं. झिजायला महिने लागतात. वाईट म्हणजे झिजलेल्या पडद्यामागचा आरसा जास्तच लकाकतो, आणि घरचे कौतुकानं सांगतात की रात्री हिचे डोळे काय चमकतात! थांबवता येतं, गेलेलं परत आणता येत नाही. मटणाच्या दुकानासमोर पडीक असणाऱ्या बोक्याला ही चिंता नाही. खरी काळजी बंद फ्लॅटमधल्या, दूध-चपाती किंवा कुत्र्याच्या खाण्यावर वाढलेल्या लाडक्या मांजराची. मटण उकळून दिलंत तर टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणीही द्या. रस्सा मात्र नको, तांबडा नको आणि पांढराही नको. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

घरी काय बघावं? अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बाजूनं धरा. दोन्ही बाहुल्या सारख्या मिटतात का? कापसाचा बोळा डोळ्यासमोरून सोडा. नजर त्यामागं जाते का? कापूसच हवा, कारण तो आवाज करत नाही. डोळा मिटलेला असेल, अचानक धडकत असेल, बुबुळाचा रंग बदलला असेल, तर त्याच दिवशी आणा. दोन्ही तिसऱ्या पापण्या अर्ध्या वर आल्या असतील तर डोळ्यापेक्षा पोट आणि अंगातलं पाणी आधी बघायचं असतं. थेंब घालताना समोरून बाटली घेऊन येऊ नका. टॉवेलमध्ये गुंडाळा, पाठीमागून हनुवटी वर धरा, डोक्यावरून हात आणा. आणि डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर, ती कितीही केविलवाणी दिसली तरी काढू नका. एका पंजाच्या फटक्यात आठवड्याचं काम जातं.

कधी डोळा काढावाच लागतो. मालक रडतात, मांजर तिसऱ्या दिवशी भिंतीवर चढतं. दुखणारा आंधळा डोळा ठेवण्यात मला तरी काही माया दिसत नाही.

आज्जींची भाटी वाचली. ड्रॉप बंद, गोळ्या आणि थेंब सुरू. तीन आठवड्यांनी परत रंग घालून बघितलं, हिरवं कुठंच नाही. डोळा टक्क उघडा. बुबुळावर फक्त एक फिकट पांढरी रेघ.

आज्जींनी चष्मा पुसून निरखून बघितलं. "फूल हाय की अजून."

"तो वण आहे आज्जी. हे खरं फूल. ह्याला काही करायचं नाही."

"मग आदी काय हुतं?"

"जखम."

"मग तसं म्हणायचं की," असं म्हणून त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं, आणि भाटी टेबलावरून उडी मारून कपाटामागं गेली.